वजनाचा काटा अडला, तरी उमेद अडू नये

बातमीदार
कन्हेरी (ता. बारामती) : वजन कमी करण्याचा संकल्प करणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. नववर्ष, गुढीपाडवा किंवा रक्तातील साखरेचा हाती पडलेला अहवाल, असे कोणतेही निमित्त त्याला पुरते. पहिले पंधरा दिवस उत्साहात जातात. पहाटेचा गजर लागतो, नवे बूट येतात, भात ताटाबाहेर जातो. महिन्याभरात दोन-तीन किलो वजन उतरते आणि हुरूप वाढतो. त्यानंतर मात्र काटा एका जागी अडतो. आठवडा जातो, पंधरवडा जातो, आकडा हलत नाही. 'आपल्याच्याने हे होणे नाही' असा ग्रह होतो आणि संकल्प तिथेच मोडतो. आहार व व्यायाम यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु या टप्प्यावर मन कसे सावरावे, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचे यशापयश बहुतांशी येथेच ठरते.

बागायत आली, चालणे सरले

स्थूलता हा शहरी सुखवस्तूंचा विकार आहे, हा समज आता मागे टाकावा लागेल. बारामतीजवळील कन्हेरी हे गाव राज्याला ठाऊक आहे ते तेथील मारुती मंदिरामुळे. शरद पवार व त्यांच्या कुटुंबीयांच्या निवडणूक प्रचाराचा नारळ येथे फुटण्याची प्रथा आहे. या पंचक्रोशीची शेती मात्र निरा डाव्या कालव्याने घडविली. सोमेश्वर, माळेगाव आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यातील उसावर उभे राहिले. पाणी आले, हातात पैसा आला आणि कष्टांचे स्वरूप पालटले. मोटेच्या जागी वीजपंप आला, औताच्या जागी ट्रॅक्टर आला आणि पायवाटेने शेतावर जाणारा शेतकरी दुचाकीवर बसला. ताटातील ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा अनेक घरांत गव्हाच्या पोळीने व भाताने घेतली, चहातील साखर मात्र कायम राहिली. मजुरी व ऊसतोडणी करणाऱ्यांच्या वाट्याचे कष्ट आजही सुटलेले नाहीत. परंतु ज्यांचे कष्ट सुटले, त्यांचा आहार पूर्वीच्या कष्टांच्याच मापाने चालू राहिला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्यांचे प्रमाण प्रौढांमध्ये ३९.५ टक्के आढळले.

हातपाय बारीक, पोट मात्र सुटलेले

या प्रश्नाची एक महत्त्वाची उकल पुणे जिल्ह्यातच झाली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बालके स्नायूंनी खुरटलेली होती. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'बारीक पण चरबीयुक्त' अशी ही शरीरठेवण पुढे मधुमेहाला वाट करून देते.

डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले आणि जगभर गाजले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ इतकाच होता. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. काट्याच्या लेखी दोघे सारखेच होते!

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन अधिक आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता, असे मानले जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा, असे सांगितले जाते. शिंप्याकडील साधी टेप याबाबतीत काट्याइतकीच, किंबहुना अधिक उपयोगी ठरते.

उमेद का खचते?

सुरुवातीला वेगाने उतरणारे वजन सर्वस्वी चरबीचे नसते. यकृत व स्नायूंत साठविलेली साखर प्रथम वापरली जाते. या साठ्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते, तेही बाहेर पडते. चरबी मात्र सावकाश झडते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात. दररोज ५०० उष्मांकांची बचत केली, तरी हिशेबाने किलोभर चरबी उतरण्यास पंधरवडा लागतो. याउलट मीठ, पाणी, मलावरोध, मासिक पाळी यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होऊ शकते. पंधरवड्याची कमाई एका सकाळी काट्यावर दिसेनाशी होते ती अशी.

शिवाय वजन घटले की शरीराची गरजही घटते. हलक्या देहाला चालविण्यास कमी इंधन लागते. त्याखेरीज शरीर काटकसरही करू लागते. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी करण्यात आली. त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. बहुतेकांचे वजनही पुन्हा वाढले होते.

तीव्र उपासमारीचा मनावर होणारा परिणाम तर त्याहून जुना आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. हे स्वयंसेवक चिडचिडे व खिन्न झाले आणि त्यांचे चित्त रात्रंदिवस अन्नाभोवती घुटमळू लागले. फार कमी खाऊन झटपट बारीक होऊ पाहणाऱ्याची चिडचिड होते, तेव्हा ती स्वभावातील उणीव असतेच असे नाही. भुकेल्या शरीराची ती तक्रार असते.

नुसती स्वप्ने पुरेशी नाहीत

'सकारात्मक राहा' हा सल्ला सर्वच देतात. पण सकारात्मकतेचेही दोन प्रकार आहेत. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन व थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन घटविण्याच्या उपक्रमातील २५ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा विश्वास असणाऱ्या महिलांचे वजन तसा विश्वास नसलेल्यांपेक्षा सुमारे १२ किलोंनी अधिक घटले. मात्र आपण सडपातळ झालो आहोत, सारे कौतुक करीत आहेत, मोह सहज टळत आहेत, अशी रम्य चित्रे रंगविणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी घटले. स्वप्नातच यश भोगले की प्रत्यक्ष धडपडीची धार बोथट होते, असा याचा अर्थ लावला गेला.

यातून घेण्याजोगा धडा सोपा आहे. विश्वास जरूर बाळगावा. पण त्याच्या जोडीला आड येणारा अडथळा आधीच ओळखून त्यावरील तोड ठरवून ठेवावी. 'रात्री जेवणानंतर गोड खावेसे वाटले, तर बडीशेप खाईन व दात घासून टाकीन', 'सकाळी पाऊस असला, तर घरातच वीस मिनिटे सूर्यनमस्कार घालीन', 'लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला, तर एकच जिलबी घेईन' अशी 'जर-तर'ची वाक्ये वहीत लिहून ठेवावीत. आयत्या वेळी मनाशी वाद घालण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

काट्यापलीकडील मोजमापे

वजन हे फळ आहे. ते केव्हा व किती उतरेल, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. आज किती चाललो, काय खाल्ले, किती झोपलो, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. उत्साह फळावर टांगला, तर काटा अडताच तो गळून पडतो. तो रोजच्या कृतीवर बेतला, तर टिकतो.

हा केवळ मनाच्या समाधानाचा भाग नाही. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार व व्यायामाचे मार्गदर्शन घेणाऱ्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे या गटाच्या सरासरी वजनात म्हणण्याजोगी घट झालेली नव्हती. काटा जागचा हलला नाही, तरी शरीराला लाभ मिळाला होता.

वजन उतरले तर लाभ आणखी वाढतो, हेही खरेच. अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे व आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. चित्रपटातील नायकासारखी काया होण्याची वाट पाहावी लागत नाही.

त्यामुळे वजनाची नोंद आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी करावी व महिन्याचा कल पाहावा. त्याच्या शेजारी दर महिन्याला कंबरेचा घेर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तदाब व रक्तातील साखर लिहावी. जिना चढताना लागणारा दम, गुडघेदुखी, झोप, पूर्वी घट्ट होणारा सदरा किंवा ब्लाउज यांतील फरकही टिपावा. काटा गप्प असतो तेव्हा ही मोजमापे बोलतात.

आहारपद्धती कोणती?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत या विषयावर मोठा वाद रंगला. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित, दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा व ५५ मिनिटांच्या आत जेवण संपविण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोहोचविली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी याउलट घरचे, स्थानिक व हंगामी अन्न थोड्या-थोड्या अंतराने खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंचे अनुयायी आपल्या अनुभवाचे दाखले देतात.

सामान्य माणसाने या वादात किती गुंतावे? अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६० जणांना चार वेगवेगळ्या लोकप्रिय आहारपद्धती वाटून देण्यात आल्या. वर्षअखेरीस वजनातील घट पद्धतीवर अवलंबून नव्हती. ती ज्याने-त्याने नेमून दिलेली पद्धत किती निष्ठेने पाळली, यावर होती. आपल्या कामाच्या वेळा, घरचा स्वयंपाक आणि प्रकृती यांना जी पद्धत वर्षभर झेपेल, ती आपल्यासाठी चांगली. दर महिन्याला पद्धत बदलणाऱ्याला कोणतीच पद्धत फळत नाही.

उपवास, चहा आणि आग्रह

मारुतीचा शनिवार, विठ्ठलाची एकादशी, संकष्टी चतुर्थी असे उपवास आपल्याकडे पाळले जातात. श्रद्धेचा भाग वेगळा; परंतु उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वेफर्स व बटाट्याचा कीस पोटभर खाल्ला, तर वजनाच्या दृष्टीने तो उपवास राहत नाही. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्टमय असून १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात. शेंगदाण्याचे कूट व तूप यांची भर वेगळीच. भगर, राजगिरा, ताक, काकडी व एखादे फळ बेताने घेऊन उपवासही पाळता येतो आणि नियमही.

चहाचा हिशेब तर डोळ्यांआड होतो. कपात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाच्या सहा कपांतून ५० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. पदार्थांत घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमवर आणल्यास अधिक हितकारक, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले आहे. ऊस पिकविणाऱ्या मुलखात बिनसाखरेचा चहा मागणे अवघड वाटते. तेव्हा दर पंधरवड्याला अर्धा चमचा साखर कमी करावी. जीभ हळूहळू सरावते.

घरातील स्त्रीची अडचण याहून वेगळी असते. सर्वांच्या आवडीचे रांधायचे, उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेच संपवायचे आणि फिरायला जाण्यासाठी वेळ मागताना संकोचायचे, अशा कोंडीत तिचा संकल्प टिकणे कठीण. तिला वेगळा डबा देऊन हा प्रश्न सुटत नाही. संपूर्ण घराची भाजी, उसळ, कोशिंबीर वाढविणे, तेल मोजून वापरणे आणि सकाळचा अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवणे, ही घरातील सर्वांची जबाबदारी आहे. 'जाडे', 'भोपळा' अशी थट्टा तर कटाक्षाने टाळावी. हिणवल्याने माणूस बारीक होत नाही. तो चारचौघांत खाणे व व्यायाम करणे टाळू लागतो.

एक दिवस मोडला म्हणजे व्रत मोडले नाही

जत्रा, लग्न, दिवाळी यांत नियम मोडणारच. खरा तोटा त्या दिवशीच्या दोन पुरणपोळ्यांनी होत नाही. 'आता मोडलेच आहे, तर सोमवारपासून पाहू' या विचाराने पुढचे चार दिवस जे खाल्ले जाते, त्याने होतो. अमेरिकेतील एका प्रयोगात आहारावर नियंत्रण ठेवणाऱ्या तरुणींना आधी डोनट हा गोड पदार्थ खाण्यास दिला. त्यांतील काहींना 'असे प्रत्येकाकडून होते, स्वतःला दोष देऊ नका' असे सांगण्यात आले. पुढे मिठाई चाखण्यास दिली असता, धीराचे शब्द ऐकलेल्यांनी ती इतर तरुणींपेक्षा कमी खाल्ली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे तात्पर्य असे, की स्वतःला क्षमा केल्याने माणूस सैल होत नाही, उलट लवकर सावरतो. नियम मोडला, तर पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे. शिक्षा म्हणून उपाशी राहू नये.

सवय जडण्यास किती काळ लागतो? 'एकवीस दिवस' हे उत्तर सर्वतोमुखी आहे; पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ९६ जणांच्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवसांचा आढळला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही.

मुक्काम ठरवून चालावे

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसरमार्गे इंदापूरकडे जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या व मेंढ्यांचे रिंगण पाहण्यास मोठी गर्दी लोटते. वारकरी वजन कमी करण्यासाठी चालत नाही, हे उघड आहे. तरीही साठी उलटलेली माणसे देहू ते पंढरपूर हे अंतर पायी कशी तोडतात, यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. ते एकटे चालत नाहीत, दिंडीत चालतात. रोजचा टप्पा ठरलेला असतो. पंढरपूर अजून किती दूर, याची धास्ती न घेता आजचा मुक्काम गाठला जातो.

वजनाच्या बाबतीतही वीस किलोंचा डोंगर समोर न ठेवता पहिले दोन किलो, पहिला महिना, पहिली शंभर मिनिटे अशी उद्दिष्टे ठेवावीत. शेजारी, नणंद-भावजय, मित्र यांपैकी दोघे-तिघे ठरलेल्या वेळी एकत्र फिरायला निघाले, की आळसाच्या दिवशीही पाय उचलला जातो.

ध्यानात ठेवावे असे

* वजन आठवड्यातून एकदा, कंबर महिन्यातून एकदा मोजावी.
* आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा.
* रोज केलेल्या कृतीची खूण दिनदर्शिकेवर करावी.
* प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांसारखे प्रथिनयुक्त काही असावे.
* सात तास झोप घ्यावी. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.
* बक्षीस खाण्याचे ठेवू नये. पुस्तक, कपडे, सहल असे ठेवावे.

सल्ला कोणी घ्यावा?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत; रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. गर्भवती, स्तनदा माता, वाढीची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने आहार तोडू नये. थायरॉइडचे विकार व काही औषधे यांमुळेही वजन वाढते, म्हणून प्रयत्न करूनही फरक पडत नसेल तर तपासणी करून घ्यावी. वजन घटविणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात उपलब्ध झाली आहेत; तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. सतत उदास वाटणे, खाऊन झाल्यावर अपराधी वाटून ओकारी काढणे, लपूनछपून खाणे ही मदतीची गरज असल्याची लक्षणे आहेत. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य असून, तेथे मराठीतूनही बोलता येते.

काटा काही आठवडे अडणे हे अपयशाचे लक्षण समजू नये. त्या काळात चालणे, जेवणाची शिस्त व झोप टिकली, तर शरीर आतून सुधारतच असते. वजनाचा आकडा पुढे-मागे होत राहील. उद्या सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडणे मात्र आपल्या हाती आहे.